डबा रोज तसाच परत येतो. नव्या परिचारिकेने जेवणाची सुट्टी मागायची तरी कशी?

नेरूळची_नवी_सिस्टर

सर्वांना नमस्कार. गेल्या वर्षी मी जीएनएम, म्हणजे परिचर्येचा डिप्लोमा, पूर्ण केला, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली आणि चार महिन्यांपूर्वी नवी मुंबईतील एका खासगी रुग्णालयात मेडिकल वॉर्डला रुजू झाले. रुग्णालयाचे नाव लिहिणार नाही, कारण मला अजून तिथेच काम करायचे आहे.

वॉर्ड बावीस खाटांचा आहे. मॉर्निंगला दोन सीनियर सिस्टर आणि मी अशा तिघी असतो, पण त्यातली एक सीनियर अकरानंतर डिस्चार्जच्या फायली आणि बिलिंगचे फोन यांतच अडकलेली असते. पाळी कागदावर आठ ते दोन. हँडओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवून, बाहेर पडेपर्यंत पावणेतीन, कधी तीन होतात. नाइट रात्री आठ ते सकाळी आठ. या चार महिन्यांत बसून, सलगपणे, कोणी हाक न मारता जेवले असे दिवस मी मोजले तर दोन्ही हातांची बोटे पुरतील.

गेल्या मंगळवारचे उदाहरण सांगते. मी ठाण्याला राहते. सकाळी सहाच्या सुमाराची पनवेल लोकल पकडते, त्यामुळे घरून चहा-बिस्किटावरच निघते. त्या दिवशी बारा वाजून वीस मिनिटांनी पॅन्ट्रीत जाऊन डबा उघडला, मेथीच्या भाजीचा एक घास तोंडात घातला आणि चौदा नंबरच्या खाटेवरच्या पेशंटचे नातेवाईक दारात आले, की सलाईन संपली आहे आणि नळीत रक्त उलटे चढते आहे. ते निस्तरते तोच कॅज्युअल्टीतून नवा पेशंट आला, मग बारा वाजता तपासायच्या शुगर राहिल्या म्हणून ओरडा बसला. उरलेला डबा मी सव्वातीन वाजता नेरूळ स्टेशनच्या फलाटावर उघडला, तेव्हा पोळ्या वातड झाल्या होत्या आणि माझे डोके इतके दुखत होते की दोन घासांनंतर झाकण लावले. घरी आईने डबा धुवायला घेतला, आत पाहिले आणि काहीच बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

दुसरी गोष्ट त्याच दिवसाची. राउंडला एक फाइल सापडेना. ती फाइल एक्स-रेला गेली होती. आमच्या इन्चार्ज सिस्टर सर्व नातेवाइकांसमोर मला म्हणाल्या, "तुला पास कोणी केले?" नंतर फाइल आली, विषय संपला, निदान त्यांच्यापुरता. पण तेव्हापासून बारा नंबरचे नातेवाईक मला सुई लावू देत नाहीत, दुसऱ्या सिस्टरना बोलवा म्हणतात.

मला खरोखर कळत नाही की हे माझ्या हाताच्या संथपणामुळे होते की सगळीकडे असेच असते. सुट्टी मागितली की "आमच्या वेळी आम्ही तर पाणीही पीत नव्हतो" असे ऐकावे लागते. सोडून जावे तर एक वर्षाचा बाँड आहे आणि मूळ प्रमाणपत्रे एचआरकडे आहेत. अनुभवी मंडळींनी कृपया मोकळेपणाने सांगावे.

ठाण्याची_जुनी_इन्चार्ज

सव्वीस वर्षे या कामात आहे, त्यातली नऊ इन्चार्ज म्हणून. तू माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून तू म्हणते. राग मानू नकोस.

आधी तुझ्या पहिल्या शंकेचे उत्तर. साध्या वॉर्डात दर पाळीला सहा रुग्णांमागे एक परिचारिका हे प्रमाण आपल्याकडे वर्षानुवर्षे मानले जाते, आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक. बावीस खाटा भरलेल्या असतील तर त्या हिशेबाने जवळपास चारजणी लागतात. तुमच्याकडे तिघी आहेत, त्यातली एक अर्धी पाळी कागदांत, आणि एक चार महिन्यांची नवखी. तेव्हा तुझा हात संथ असेलही, चार महिन्यांत सगळ्यांचाच असतो, परंतु तुझा हात दुप्पट वेगाने चालला तरी त्या वॉर्डात जेवणाला अर्ध्या तासाची जागा आपोआप निर्माण होणार नाही. हे नीट समजून घे, कारण स्वतःला दोष देणारी मुलगी सुट्टी मागत नाही, ती फक्त अजून जोरात पळते.

आता मागायची कशी ते सांगते. तू साडेबाराच्या सुमारास जेवायला गेलीस, तिथेच चूक झाली. बाराला शुगर तपासायच्या, मग इन्सुलिन, मग जेवणाची ट्रॉली, त्याच सुमाराला डिस्चार्ज आणि नव्या भरत्या. वॉर्डातला सर्वांत वाईट तास तो. सकाळच्या पाळीत श्वास घ्यायला जागा असते ती दहाची औषधे आटोपल्यावर, साधारण साडेदहा ते साडेअकरा. राउंड त्याच वेळेत येत असेल तर राउंडच्या आधी किंवा लगेच नंतर. आठ वाजता हँडओव्हर घेतानाच इन्चार्जला सांगायचे, "सिस्टर, मी पावणेअकराला वीस मिनिटे जाते, माझे पेशंट यांच्याकडे देऊन जाईन." विचारायचे नाही, वेळ सांगायची. दिवसाच्या सुरुवातीला सांगितलेल्या वेळेला सहसा कोणी नाही म्हणत नाही. भूक लागल्यावर मागितलेल्या वेळेला नेहमी नाही म्हटले जाते.

आणि जाताना पेशंट खरोखर देऊन जायचे. "जरा बघ हं" हा हँडओव्हर नव्हे. तीन वाक्ये पुरतात: नऊ नंबरला पोटॅशियमची ड्रिप आहे, पंपाकडे लक्ष ठेव; चौदाची सलाईन वीस मिनिटांत संपेल, पुढची बाटली स्टँडला लावून ठेवली आहे; सहा नंबरचे नातेवाईक रिपोर्ट विचारतील, त्यांना अकरानंतर यायला सांग. चौदा नंबरची बाटली तू आधीच पाहिली असतीस तर तुझा घास सुटला नसता, हेही खरे. मात्र रक्त चढवायला सुरू केले असेल तर पहिली पंधरा मिनिटे त्या पेशंटजवळून कोणीही हलायचे नाही, कितीही भूक लागली तरी. ज्या पाळीत रक्त आहे, त्या पाळीत आधी जेव.

इन्चार्जच्या बोलण्याबद्दल. मी स्वतः एका मुलीला असेच चारचौघांत बोलले होते, म्हणून लिहायला थोडी लाज वाटते. तेव्हा मला वाटत होते की मी चूक दाखवते आहे. त्या मुलीने दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर मला बाजूला बोलावून एवढेच सांगितले की, "सिस्टर, चूक झाली तर मला जरूर सांगा, पण पेशंटसमोर नको, ते मला हात लावू देत नाहीत." तिने स्वतःला वाईट वाटल्याचे एका शब्दानेही सांगितले नाही, पेशंटचे सांगितले, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तुझ्याकडे तर बारा नंबरचे उदाहरण तयारच आहे. पाळी संपल्यावर, एकटीला गाठून, एकदाच सांग.

कोपरखैरणेचा_ब्रदर

जुन्या सिस्टरांचा मान राखून थोडा मतभेद नोंदवतो. पेशंट देऊन जेवायला जाणे ही पद्धत योग्यच आहे, पण तिथे आधीच दोघी आठ-आठ, नऊ-नऊ पेशंट सांभाळत असतील तर वीस मिनिटांसाठी एकीच्या अंगावर सोळा ते अठरा येतात. मग ती मनात म्हणते, ही बसली जेवत. म्हणजे माणसे कमी ठेवली व्यवस्थापनाने आणि भांडण लागले दोन सिस्टरांत. आयसीयूत आम्ही हे रोज पाहतो.

माझ्या अनुभवात फरक पडला तो लिहून ठेवल्याने. चुकलेल्या सुट्टीची कुठेही नोंद होत नाही. पंचिंग मशीनवर फक्त आल्या-गेल्याची वेळ उमटते, त्यामुळे वरच्या कार्यालयाच्या लेखी सर्वजण व्यवस्थित जेवत असतात. मी एक छोटी वही केली. प्रत्येक नोंद दोन ओळींची: तारीख, पाळी, पेशंट किती, स्टाफ किती, किती वाजता कोणाला सांगितले, सुट्टी मिळाली की नाही. उदाहरणार्थ, "नाइट, पेशंट ८, स्टाफ ३, रात्री ८ ते सकाळी ८.४०, सुट्टी नाही, १.१५ वाजता इन्चार्जना सांगितले." वहीत पेशंटचे नाव, निदान, फाइलचा फोटो यांतले काहीही नको, नाहीतर आपणच अडचणीत येतो. विशेषणेही नकोत. "छळ", "अन्याय" असे शब्द लिहिले की वाचणारा शब्दांवर वाद घालतो. आकड्यांवर वाद घालता येत नाही.

सहा आठवड्यांनी आम्ही तिघांनी मिळून त्या वहीवरून एक पानाचे पत्र नर्सिंग सुपरिंटेंडेंट मॅडमना दिले आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. तिघांनी एकत्र जाणे महत्त्वाचे, कारण एकटा गेला की तो तक्रारखोर ठरतो. निकाल काय लागला, तर सिस्टर वाढली नाही. दुपारच्या वेळेला एक मदतनीस मावशी वाढवून दिली. तेव्हा आम्ही चिडलो होतो. पण सॅम्पल पोहोचवणे, पेशंट एक्स-रेला नेणे, फार्मसीतून औषध आणणे हे आमच्या अंगावरून गेले आणि तेवढ्यानेच आठवड्यातून तीन-चार दिवस जेवायला मिळू लागले.

आणखी एक गोष्ट, जी सिस्टर लोक संकोचाने बोलत नाहीत. पाणी न पिणे आणि लघवी दाबून ठेवणे यामुळे माझ्या बॅचच्या दोघींना वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. आपण पेशंटचा इनटेक-आउटपुट तासातासाला लिहितो आणि स्वतःचा शून्य असतो. जेवण हुकले तरी शौचालयाला जाणे हुकवू नका. त्यासाठी कोणाची परवानगी मागायची गरज नाही. बाकी १२ मेला परिचारिका दिनी गुलाबाचे फूल आणि केक मिळतोच. आमच्याकडे यंदा तो केकही कापल्यावर दोन तासांनी खाल्ला.

कागद_वाचणारा

मी कामगारविषयक प्रकरणांत लिखापढीचे काम करतो, वकील नाही. बायको परिचारिका असल्याने हा विषय घरचा आहे. कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो.

खासगी रुग्णालय हे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मधील आस्थापनेच्या व्याख्येत नावानिशी येते. त्या कायद्याच्या मूळ तरतुदीनुसार दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काम घेता येत नाही, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागते आणि जादा कामाचा मोबदला नेहमीच्या दराच्या दुप्पट असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या मर्यादा सैल करण्याचा निर्णय घेतला: दिवसाचे तास दहा, सलग काम सहा तास, आणि कायदा लागू होण्यासाठी किमान कर्मचारी दहाऐवजी वीस. हा बदल परिचारिकांनी बारकाईने पाहावा असा आहे. सहा तासांची सकाळपाळी पाच तासांच्या नियमात विश्रांतीला पात्र ठरते. मर्यादा सहा तासांची झाली की तीच पाळी कागदावर विश्रांतीविना बसवता येते. मात्र आठ ते दोन असे लिहून प्रत्यक्षात तीन वाजेपर्यंत थांबवले जात असेल तर ती पाळी सात तासांची होते, आणि बारा तासांची नाइट तर जुन्या-नव्या कोणत्याही मोजपट्टीत नऊ-दहाच्या पलीकडेच जाते. म्हणून ब्रदरांनी सांगितलेल्या वहीत बाहेर पडण्याची खरी वेळ लिहिणे हा केवळ मन मोकळे करण्याचा प्रकार नाही, तो पुरावा आहे.

स्त्रियांना रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत कामावर ठेवायचे तर त्यांची संमती आणि सुरक्षितता, वाहतूक यांची सोय आवश्यक आहे, हेही त्याच कायद्यात आहे. तक्रार कामगार विभागाकडे करता येते. नेरूळ, वाशी, ऐरोली हे ठाणे जिल्ह्यात, पण खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये येतात, त्यामुळे अर्ज कोठे द्यायचा ते रुग्णालयाच्या पत्त्यावरून ठरवा. आधी हातघाईवर न येता रुग्णालयाला लेखी द्या. थेट कार्यालयात धाव घेतली की "आम्हाला कधी सांगितलेच नाही" हे पहिले उत्तर मिळते.

पगाराचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी सांगून ठेवतो. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधील आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी परिचारिकांसाठी शिफारसी केल्या: दोनशेहून अधिक खाटा असतील तर राज्य सरकारी परिचारिकेइतका पगार, शंभर ते दोनशेत फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभरात पंचवीस टक्के कमी, आणि त्याहून लहान रुग्णालयातही महिना वीस हजारांच्या खाली नाही. रजा, कामाचे तास, वाहतूक याही बाबतीत सरकारी परिचारिकांच्या बरोबरीने वागवावे असे त्यात आहे. शिफारस म्हणजे हक्क नव्हे. पण पत्रात तिचा उल्लेख केला की मागणी मनाने रचलेली वाटत नाही.

बाँडविषयी दोन टोकाचे गैरसमज असतात. बाँड म्हणजे बेकायदाच असे नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेचा दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. उलट, कागदावर लिहिलेला आकडा जसाच्या तसा वसूल होतो असेही नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करार मोडल्यास वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. तुम्हाला खरोखर कोणते प्रशिक्षण दिले आणि त्यावर काय खर्च झाला, हा प्रश्न तिथे येतो. मूळ प्रमाणपत्रे पडताळणीसाठी दाखवली, आता परत हवीत, असा साधा अर्ज ई-मेलने आणि कागदावर द्या. कारण विचारले तर पुढील शिक्षणाचे कारण पुरेसे आहे. भांडण होण्याच्या आधी हे करा.

आणि एक फरक लक्षात असू द्या. इन्चार्जचे टोचून बोलणे हा वागणुकीचा प्रश्न आहे. पण कोणाचे बोलणे किंवा स्पर्श लैंगिक स्वरूपाचा असेल तर तो कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समितीचा विषय होतो आणि तिथे साधारण तीन महिन्यांत तक्रार करावी लागते. नातेवाइकाने हात उगारला तर २०१० चा राज्याचा वैद्यकीय सेवा संरक्षण कायदा परिचारिकेलाही लागू आहे, फक्त डॉक्टरांना नव्हे.

ऐरोलीहून

मी अशाच रागाच्या भरात पाचव्या महिन्यात नोकरी सोडली होती, नोटिस न देता. पुढच्या तीन मुलाखतींत प्रत्येक ठिकाणी रिलिव्हिंग लेटर, म्हणजे आधीच्या रुग्णालयाने कामातून मोकळे केल्याचे पत्र, मागितले आणि चौथ्या ठिकाणी कमी पगारावर घेतले. तिथेही डबा परतच येत होता. सोडायचे असेल तर अवश्य सोडा, पण नोटिस देऊन, कागद हातात घेऊन, आणि मुलाखतीत न लाजता विचारा की या वॉर्डात मॉर्निंगला किती स्टाफ असतो आणि जेवायला कोण सोडवते. दुसऱ्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर उत्तर मिळाले असे समजा.

नेरूळची_नवी_सिस्टर

सर्वांची मनापासून आभारी आहे. दहा दिवसांनी लिहिते आहे, कारण काही तरी करून पाहिल्याशिवाय लिहायचे नव्हते.

सात मॉर्निंग झाल्या. आठच्या हँडओव्हरला वेळ सांगितली, पहिल्या दिवशी इन्चार्ज सिस्टर नुसत्या बघत राहिल्या, दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "जा, पण फोन जवळ ठेव." सातपैकी चार दिवस पावणेअकराला बसून जेवले. एक दिवस क्रॅश कार्ट, म्हणजे आणीबाणीच्या औषधांची ट्रॉली, निघाली, त्या दिवशी प्रश्नच नव्हता. उरलेल्या दोन दिवशी नुसते विसरले गेले, माझ्याकडूनच. ब्रदर म्हणतात तेही खरे ठरले. मी जेवून आले तेव्हा सीनियर सिस्टरचा चेहरा उतरलेला होता. मग मी त्यांना सांगितले की आता तुम्ही जा, मी दोघींचे बघते. त्या म्हणाल्या, तीन वर्षांत मला असे कोणी म्हटले नव्हते. आता आम्ही आळीपाळीने जातो, पण माझ्या अंगावर त्या वेळी पंधरा पेशंट असतात आणि मला भीती वाटते, हेही प्रामाणिकपणे सांगते.

बारा नंबरबद्दल इन्चार्ज सिस्टरांशी बोलले. त्यांनी काही उत्तर दिले नाही. परवा मात्र माझ्याकडून एका पेशंटची दहाची गोळी अर्धा तास उशिरा गेली, तेव्हा त्यांनी मला ड्रेसिंग रूममध्ये बोलावले, दार लावले आणि तिथे ओरडल्या.

प्रमाणपत्रांचा अर्ज दिला आहे. एचआर म्हणाले, बघू. वही सुरू केली आहे, सीनियर सिस्टरही लिहिणार आहेत. एकच विचारायचे राहिले: नाइटला आम्ही दोघीच असतो आणि एक जेवायला गेली की बावीस पेशंट एकीवर येतात. तिथे काय करता?

ठाण्याची_जुनी_इन्चार्ज

दार लावून ओरडल्या ना, मग निम्मे काम झाले.

नाइटला दोघी असतील तर वॉर्ड सोडून पॅन्ट्रीत जाऊ नका. दहाची औषधे झाली की साडेदहा-अकराच्या सुमारास नर्सिंग स्टेशनच्या मागच्या खोलीत, दार उघडे ठेवून, एकीने आधी आणि एकीने नंतर जेवायचे. दोनपर्यंत थांबलात तर जेवण जात नाही आणि तीन-चारला डोळे मिटतात. जाण्याआधी नाइट सुपरवायझरना फोन करून सांगायचे की पुढची वीस मिनिटे वॉर्डात एकच सिस्टर आहे. त्या येतील न येतील, फोनची वेळ वहीत लिही. आणि त्या रात्री पेशंट किती होते, तो आकडा विसरू नकोस.